गोड्या पाण्याने रान खारट कसे होते?

वैशाखातल्या एखाद्या सकाळी वारणेच्या काठाकाठाने पूर्वेकडे, म्हणजे नदी हरिपूरजवळ कृष्णेला मिळते त्या दिशेने, सायकलवरून निघालात तर वाटेत एक गोष्ट तुमच्या नजरेस पडेल. दोन्ही बाजूंना उसाची हिरवीगार राने आहेत आणि मध्येच, सखल जागी, एखाद्या रानात ऊस खुरटलेला आहे. सरीच्या वरंब्यावर कोणी चुना भुरभुरावा तसा पांढरा थर दिसतो. त्या थराचा कण जिभेला लावला तर तो खारट, थोडा कडवट लागतो. शेतकऱ्याला विचारा. तो म्हणेल, ‘रान चिबडलं, आता मीठ फुटलंय.’ आणखी खाली, शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठी गेलात, तर अशी राने एकेकटी न राहता सलग दिसू लागतात.

आता नदीवर जा आणि ओंजळभर पाणी प्या. ते गोड आहे. मग रानातले मीठ आले कोठून?

मी पदार्थविज्ञान शिकवतो, शेतकी नाही. तरीही हा प्रश्न मला वर्गात न्यावासा वाटतो. याचे उत्तर देण्यासाठी कोणतेही अवघड यंत्र लागत नाही. आठवीचा बीजगणिताचा तास आणि थोडा धीर एवढे पुरते. त्यातला धीर हा भाग अधिक कठीण आहे, हे पुढे तुमच्या ध्यानात येईल.

प्रथम ‘गोडे पाणी’ हा शब्द तपासू. गोडे म्हणजे क्षारविरहित नव्हे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस खडकावरून, मातीतून वाहत येताना त्यातील थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवून घेतो. समजा, आपल्या पाण्यात दर लिटरला ०.२ ग्रॅम क्षार आहेत. हे पाणी जिभेला गोडच लागेल आणि पिण्यासही उत्तम ठरेल. आता असे धरा की उसाला वर्षभरात एकूण १५० सेंटिमीटर पाणी दिले. म्हणजे सगळ्या पाळ्यांचे पाणी एकदम रानावर उभे केले तर त्याची उंची दीड मीटर भरेल. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा पाणी झाले १५,००० घनमीटर. प्रत्येक घनमीटरात १,००० लिटर, म्हणजे २०० ग्रॅम क्षार. गुणाकार करा. उत्तर ३,००० किलो येते.

वर्षाला हेक्टरी तीन टन! एकराच्या हिशेबाने पाहू, कारण आपल्याकडे घरी बोलणे एकरातच होते. एकरी सुमारे १,२०० किलो, म्हणजे पन्नास किलोची चोवीस पोती. कोणी तुमच्या रानात दरवर्षी चोवीस पोती क्षार आणून ओतू लागला तर तुम्ही त्याच्याशी भांडाल. पाटाचे पाणी तेच काम निमूटपणे करते आणि आपण त्याची पाळी कधी येते याची वाट पाहत बसतो.

मग सगळी राने खारट का झाली नाहीत? कारण क्षार जसे येतात तसे जातातही. कसे, ते पाहण्यासाठी आपण एक मॉडेल बनवू.

हौदाचे मॉडेल

मॉडेल म्हटले की डोळ्यांसमोर पुठ्ठ्याचे घर किंवा फिरती सूर्यमाला येते. येथे ते कागदावरचे आहे. खऱ्या जमिनीत भेगा असतात, मुळे असतात, गांडुळे असतात. एका पावलावरची माती दुसऱ्या पावलावरच्या मातीसारखी नसते. या सगळ्याकडे तूर्त काणाडोळा करायचा आणि एक मीटर खोलीची जमीन म्हणजे एक हौद आहे असे मानायचे. या हौदात माती आहेच, पण तिच्या कणांमधील पोकळ्यांत पाणीही आहे. काळ्या जमिनीत ते ४० सेंटिमीटर उंचीइतके मावते असे धरू.

हौदात वरून दोन धारा पडतात, पाटाचे पाणी आणि पाऊस. बाहेर जाण्याचे मार्गही दोन आहेत. एक वर, म्हणजे उसाच्या पानांतून आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन. दुसरा खाली, म्हणजे निचरा. यातली गंमत अशी की वरच्या वाटेने फक्त पाणी जाते. मिठागरात सूर्य पाणी नेतो आणि मीठ ठेवतो, तेच येथे होते. ऊस काही क्षार उचलतो, पण आपल्या हिशेबात ते थोडे म्हणून सोडून देऊ. क्षारांना बाहेर जाण्यास खरी वाट एकच आणि ती म्हणजे निचरा.

हे वाक्य समीकरणात मांडू. हौदातील पाण्यात दर लिटरला ‘क’ ग्रॅम क्षार आहेत आणि वर्षाला ‘न’ सेंटिमीटर पाणी खाली निचरून जाते. दरवर्षी येणारे क्षार = १५० × ०.२ = ३०. जाणारे क्षार = न × क. या दोहोंची वजाबाकी ४० सेंटिमीटर पाण्यात वाटली जाते. तेव्हा,

पुढच्या वर्षीचा क = या वर्षीचा क + (३० − न × क) ÷ ४०

मॉडेल एवढेच आहे. आता त्याला प्रश्न विचारू.

पहिले रान उंचावर आहे आणि खाली मुरूम लागतो. पाऊस ८० सेंटिमीटर आणि पाट १५० मिळून २३० झाले. त्यातले १७० बाष्प होऊन गेले आणि ६० निचरले. येणारे आणि जाणारे क्षार सारखे झाले की बदल थांबेल. तेव्हा ६० × क = ३०, म्हणजे क = ०.५ ग्रॅम. पाण्याच्या अडीचपट खारट, पण उसाला काहीच त्रास नाही. हे रान शंभर वर्षे भिजवले तरी, या मॉडेलप्रमाणे, ०.५ वरच राहील.

दुसरे रान सखल आहे, माती भारी काळी आहे आणि निचरा फक्त ५ सेंटिमीटर होतो. पावसाचे उरलेले पाणी मुरत नाही, ते ओढ्याकडे वाहून जाते. येथे समतोल कोठे होईल? ५ × क = ३०, म्हणजे क = ६ ग्रॅम. पाणी तेच, पाऊस तोच, पाळ्या त्याच. फक्त निचरा बारापट कमी आणि म्हणून खारटपणा बारापट. रान कशाने खारट होणार हे पाण्यापेक्षा निचऱ्यावर अधिक ठरते, ही गोष्ट एका भागाकाराने कळली.

पण समतोल काही एका दिवसात होत नाही. दुसऱ्या रानात आरंभी ०.५ ग्रॅम होते असे धरून समीकरण वर्षावर्षाने चालवा. पहिल्या वर्षाअखेर १.१९, दुसऱ्या १.७९, तिसऱ्या २.३२, पाचव्या ३.१८, दहाव्या ४.५५. आधी वाढ झपाट्याने होते, मग मंदावते. हे आकडे आलेख-कागदावर मांडलेत तर धारित्र भारित होतानाचा जो वक्र तुम्ही पुढे अकरावी-बारावीत काढाल, तोच येथे निघेल. तेथे रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराने वेळ ठरतो, येथे ४० ला ५ ने भागून आलेल्या ८ वर्षांनी. निसर्ग एकच गणित किती ठिकाणी वापरतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

दिसत नाही ते

आता जरा शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांत प्रत्येक पीक किती खारटपणा सोसते ते दिले आहे. तेथे मातीचा खारटपणा तिच्या ओल्या लगद्यातून काढलेल्या पाण्याच्या विद्युतवाहकतेने मोजतात. पाण्यात क्षार जितके अधिक तितके आयन अधिक आणि वीज तितकी सहज वाहते. एकक आहे डेसिसायमन प्रति मीटर. ढोबळ मानाने दर लिटरला ०.६४ ग्रॅम क्षार असले की एक डेसिसायमन भरतो. उसाला १.७ पर्यंत तोटा नाही. त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न साधारण ६ टक्क्यांनी घटते. लगदा करताना मातीतले पाणी सुमारे दुप्पट पातळ होते. तेव्हा आपल्या हौदातील २.२ ग्रॅम ही उसाची सीमा झाली. दुसऱ्या रानाने ती तिसऱ्या वर्षीच ओलांडली.

मग शेतकऱ्याने तिसऱ्या वर्षी आरडाओरडा का केला नाही? दहाव्या वर्षीचा हिशेब करा. ४.५५ ग्रॅम म्हणजे लगद्यात सुमारे ३.५ डेसिसायमन आणि उत्पन्नातील घट सुमारे ११ टक्के. दहा वर्षांत अकरा टक्के, म्हणजे वर्षाला सरासरी एक! एखाद्या वर्षी पाऊस लांबला, तोडणी उशिरा झाली, खोडवा ठेवला, लोकरी मावा पडला, बेणे बदलले, तर उत्पन्न यापेक्षा कितीतरी अधिक वरखाली होते. त्या गोंधळात एक टक्का कोणाला दिसणार? शिवाय घट जाणवली की माणूस खताचे एक पोते वाढवतो आणि घट झाकली जाते. रान हळू बदलते, माणसाची आठवण त्याहून अस्थिर असते.

येथवर मॉडेल सौम्य होते. खरी जमीन तितकी सौम्य नसते. आजूबाजूची सगळी राने भिजू लागली की निचरलेले पाणी साचून भूजलाची पातळी वर येते. ती वर आली की ‘न’ आणखी कमी होतो. तो शून्य झाला तर समीकरणात दरवर्षी ०.७५ ची भर पडतच राहते, तिला समतोलच नाही. शिवाय सोडियम साठला की काळ्या मातीचे बारीक कण फुगतात, सुटे होतात आणि पोकळ्या बुजवतात. यालाच आपण चोपण जमीन म्हणतो. तिच्यावर पाणी थापून राहते आणि निचरा संपतो. म्हणजे खारटपणा निचरा कमी करतो आणि कमी झालेला निचरा खारटपणा वाढवतो. ही साखळी एकदा सुरू झाली की दहा वर्षे दिसला नाही तो बदल पुढल्या तीन-चार वर्षांत डोळ्यांत भरतो.

त्यात केशाकर्षणाची भर पडते. दिव्यातली वात तेल वर ओढते तशी माती खालचे पाणी वर ओढते. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी किती चढेल ते पृष्ठताणाच्या सूत्राने काढा. उत्तर दीड मीटरच्या आसपास येते. म्हणून भूजल जमिनीखाली एक-दीड मीटरवर आले की उन्हाळ्यात ते मातीच्या नळ्यांतून वर चढते, पृष्ठभागावर बाष्प होते आणि क्षार वरच्या इंचभर थरात सोडून जाते. वैशाखात वरंब्यावर दिसलेला पांढरा थर तो हाच. वरंबा सरीपेक्षा उंच आणि तेथे ऊन-वारा अधिक, म्हणून वात जणू तेथेच पेटते.

ही कहाणी एकट्या वारणेची नाही. आपल्या भागात १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वारणानगर वसले. पण पुणे जिल्ह्यात नीरेचा डावा कालवा त्याच्या सत्तर वर्षे आधी, १८८५ च्या सुमारास वाहू लागला होता. दुष्काळी मुलखात पाणी आले, बारामतीकडे ऊस उभा राहिला. १९१० साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा विषयच होता नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनी. पुढे १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने शेतीच्या गरजेप्रमाणे सिंचनाची पद्धत सुधारण्यासाठी एक खास विभाग काढला. आज खडकवासल्याला जी केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे, तिचे मूळ त्या विभागात आहे. पाणी आणि पुस्तिका यांमधली ती पंचवीस वर्षे ध्यानात ठेवा. आपल्या आठ वर्षांच्या गणिताशी ती ताडून पाहा. तुम्हांला पुढे-मागे शेती करावयाची असो वा नसो, हा अवधी कसा दिसतो ते एकदा मनात बसले पाहिजे.

बाटलीतली माती

मॉडेल सांगते ते खरे कशावरून? मी निचरा ५ धरला तो माझ्या सोयीचा होता. ३ धरला असता तर समतोल १० वर गेला असता. नुसते गणित करणारा माणूस स्वतःच्या आकड्यांच्या प्रेमात पडतो, तसे पडलेले मी काही पाहिले आहेत, एक तर रोज आरशातच पाहतो. त्याला जमिनीवर आणण्यासाठी मोजणी हवी. तीही एकदा करून भागणार नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजावे लागते.

अशा मोजणीचे सर्वांत जुने चालू उदाहरण इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे आहे. जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचे तुकडे आखले. एकाला शेणखत, एकाला काहीच नाही, बाकीच्यांना निरनिराळी रासायनिक खते. ते शेत आजही पेरले जाते. १८४९ साली तेथे जमिनीखाली कौलारू नळ्या घातल्या गेल्या आणि पुढे त्यांतून निघणारे पाणी तपासून मातीतून काय वाहून जाते ते कळू लागले. आपल्या मॉडेलमधला ‘न × क’ त्यांनी भांड्यात धरला, असे म्हणा ना.

पण मला त्यांची सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे बाटल्या. दर काही वर्षांनी काढलेली माती वाळवून, बंद बाटलीत, चिठ्ठी लावून ठेवलेली आहे. लॉज-गिल्बर्टच्या बाटल्या भरल्या गेल्या तेव्हा किरणोत्सर्ग हा शब्दही जगात नव्हता. पुढे १९५० व १९६० च्या दशकांत हवेत अणुचाचण्या झाल्या आणि वातावरणातील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. तो वनस्पतींतून मातीत उतरला. चाचण्यांपूर्वीची आणि नंतरची माती शेजारी ठेवली की मातीतील कुजका भाग किती वेगाने बदलतो हे कळते. जेंकिन्सन आणि रेनर यांनी १९७७ मध्ये मातीतील कार्बनाचे जे मॉडेल मांडले, त्याला या बाटल्यांचा आधार होता. त्यांच्या मॉडेलमध्येही हौदच आहेत, फक्त चार-पाच. एक दोन-तीन महिन्यांत रिकामा होणारा, एक काही वर्षांनी, एक पन्नास वर्षांनी. तुम्ही वर केलेले गणित आणि ते गणित यांची जात एकच आहे.

एक योगायोग सांगतो. नीरेच्या खाऱ्या जमिनी पाहणारे मॅन इंग्लंडात परतल्यावर वोबर्न येथील प्रयोगकेंद्रात कामाला लागले. तेथेही १८७६ पासून चाललेले प्रयोग होते आणि त्यांची देखरेख रॉथॅमस्टेडकडे होती. भारतातही असे काम आहे. कोइमतूरला १९०९ पासून खताचा कायम प्रयोग चालू झाला आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली अनेक केंद्रांवर दीर्घकालीन खत-प्रयोगांचा प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. ती ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून ठरलेल्या महिन्यांत मोजते. सांगलीजवळ कसबे डिग्रजला खारवट-चोपण जमिनींवर संशोधन होते. पण तुमच्या शिवारातल्या त्या सखल रानाची पहिल्या पाण्याच्या आधीची माती बहुधा कोणीच बाटलीत भरलेली नाही.

मोजताना होणारी फसगत

दीर्घकाळ मोजण्यात एक मेख आहे. जमीन बदलली की मोजणारा बदलला, हे ओळखता आले पाहिजे. पूर्वी मी ज्या कॉलेजात होतो तेथे आम्ही विद्यार्थ्यांकरवी एका विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता दोन वर्षे नोंदवली. डिसेंबर ते मे या काळात ती चाळीस टक्क्यांनी वाढलेली दिसली. आम्ही खूश झालो. काही तरी सापडले होते ना! मग एका मुलीने विचारले, ‘सर, तापमान धरायचं का?’ डिसेंबरची वाचने सकाळी घेतलेली, पाणी १८ अंशांवर. मेची वाचने दुपारी, उन्हात राहिलेल्या बाटलीतून, पाणी ३८ अंशांवर. पाण्याची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. वीस अंशांना चाळीस टक्के! आमचा शोध म्हणजे एक न लावलेला थर्मामीटर होता. दोन वर्षांच्या वहीत तापमानाचा रकानाच नव्हता, म्हणून ते आकडे नंतर दुरुस्तही करता आले नाहीत. ती वही मी अजून ठेवली आहे.

तेव्हा प्रत्येक वाचनाबरोबर तापमान लिहा आणि वाचन २५ अंशांवर आणून मांडा. दुसरे, उपकरण स्वतःच वर्षागणिक सरकते. त्याला दर वेळी आधी ठाऊक असलेले द्रावण दाखवा. पोटॅशियम क्लोराइडचे ०.०१ नॉर्मल द्रावण, म्हणजे लिटरला ०.७४५ ग्रॅम, २५ अंशांवर १.४१ डेसिसायमन दाखवते, कोल्हापुरात आणि टोकियोतही. तुमचे उपकरण १.६ दाखवू लागले तर दोष रानात शोधू नका.

उपकरण विकत घ्यावे लागतेच असे नाही. टॉर्चच्या जुन्या सेलमधील दोन कार्बनच्या कांड्या बुचात दोन सेंटिमीटर अंतराने बसवा आणि त्या पाण्यात बुडवा. मात्र त्यांना बॅटरी जोडू नका. एकदिश प्रवाहाने कांड्यांवर वायूचे बुडबुडे जमतात आणि वाचन डोळ्यांदेखत घसरत जाते. शाळेच्या प्रयोगशाळेतील ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वापरून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रत्यावर्ती प्रवाह द्या आणि मल्टिमीटरने तो मोजा. प्रमाण द्रावणात मिळालेल्या प्रवाहाशी तुलना केली की वाहकता निघते. आता खिशात मावणारे मापकही मिळतात. ते असले तरी हा प्रयोग एकदा करा.

तिसरी फसगत जागेची. एकाच रानात दहा पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांत दहा वर्षांच्या बदलाहून अधिक फरक निघू शकतो. यावर उपाय म्हणजे रानात नऊ-दहा ठिकाणची माती घेऊन एकत्र मिसळणे. नऊ नमुने मिसळले की चूक नऊपट नव्हे, तर तीनपट कमी होते, वर्गमुळाच्या नियमाने. समजा, एका नमुन्यातील चूक १ ग्रॅमची आहे. मिसळल्यावर ती ०.३३ होईल. मॉडेलप्रमाणे आठव्या वर्षी होणारी वाढ आहे ०.२७. म्हणजे दोन लागोपाठच्या वर्षांची तुलना करून काहीच कळणार नाही, चार-पाच वर्षांचा आलेख मांडला तर कल दिसेल. किती वर्षे मोजावे लागेल हे आधीच सांगणे, हा मॉडेलचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग आहे. दोन वर्षांत कंटाळून ‘काही बदल नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला ते वेळीच अडवते.

आता उपायाकडे वळू. जमिनीखाली एक-सव्वा मीटरवर छिद्रे असलेले नळ घालून पाणी ओढ्याकडे काढून देतात. शिरोळ भागात साखर कारखाना आणि शेतकरी यांनी मिळून अशी पुष्कळ जमीन पुन्हा लागवडीखाली आणली आहे. मॉडेलला विचारा. दुसऱ्या रानात दहाव्या वर्षी नळ घातले आणि ‘न’ ५ वरून ३० झाला. नवा समतोल १ ग्रॅम. वर्षाच्या पावलाने हिशेब केला तर एका वर्षात ४.५५ वरून १.८९ येते. पण येथे सावध व्हा. क्षार वर्षअखेरीस एकदम निघून जात नाहीत, ते हळूहळू कमी होतात आणि तसतसे जाणारे पाणीही कमी खारट होत जाते. तेव्हा वर्षाचे बारा तुकडे करून महिन्याच्या पावलाने मोजा. आता पहिल्या वर्षाअखेर २.६४ येते आणि दुसऱ्या वर्षाअखेर १.७५. उसाची सीमा एका नव्हे, दोन वर्षांत गाठली. खारट होण्याच्या दहा वर्षांचा हिशेब महिन्याच्या पावलाने केलात तर ४.५५ ऐवजी ४.४३ येते, तेथे फारसे बिघडत नाही. बदल वेगवान असेल तेव्हा पाऊल लहान हवे. हे दोन्ही हिशेब स्वतः करून पाहा.

आणि नळांतून निघालेले पाणी कोठे जाते? ओढ्यात, ओढ्यातून वारणेत, वारणेतून कृष्णेत. एका रानातून सुटलेले क्षार खालच्या गावाच्या पाटात शिरतात आणि त्यांच्या समीकरणातला ०.२ मग ०.२ राहत नाही. नदीकाठची पाच गावे पाच हौद म्हणून एकाखाली एक मांडा, वरच्याचा निचरा खालच्याच्या पाण्यात मिसळा आणि शेवटच्या गावात काय होते ते पाहा. हा प्रश्न मी मुद्दाम सोडवून देत नाही.

वही आजच सुरू करता येईल. शाळेजवळचे एक सखल आणि एक उंच रान निवडा आणि मालकाची परवानगी घ्या. बांधावरच्या एखाद्या कायम खुणेपासून, झाड नको, ते पडते, पावलांनी नव्हे तर टेपने अंतरे मोजून लिहा. वर्षातून दोनदा, मेअखेरीस वळवापूर्वी आणि ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर, वरच्या वीतभर थरातील नऊ ठिकाणची माती घेऊन मिसळा आणि सावलीत वाळवा. एक भाग माती आणि अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी ढवळा, अर्धा तास ठेवा, वाहकता आणि तापमान लिहा. हे आकडे लगद्याच्या आकड्यांपेक्षा लहान येतील, तेव्हा त्यांची तुलना फक्त एकमेकांशी करा. त्याच दिवशी जवळच्या विहिरीत काठापासून पाणी किती खोल आहे ते दोरीने मोजा. उरलेली पाव किलो माती काचेच्या बाटलीत भरून बूच मेणाने बंद करा. चिठ्ठी शाईने नको, पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. बाटली आतल्या कपाटात, तळाच्या फळीवर ठेवा आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे तेही वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा.